कोणी राहिलंय का?

आमच्या मंडळीत विधी दोनच. एक बाप्तिस्मा, दुसरा प्रभुभोजन. लग्न लावणं, मातीला जाणं, नव्या घरात प्रार्थना करणं ही कामं पाळकसाहेब करतात, पण ती विधीत जमा होत नाहीत. बाप्तिस्मा जन्मात एकदाच मिळतो आणि बहुतेकांना तो मिळाल्याचं आठवतही नाही, कारण त्या वेळी ते गळा काढून रडत असतात. राहिलं प्रभुभोजन. ते वर्षातून चारदा. पावाचा एक तुकडा आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात द्राक्षांचा रस. वजनात धरलं तर चिमणीचं पोट भरायचं नाही.

वजनात धरायची मला खोड आहे. वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासण्यात नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर मंडळीनं मला वडील म्हणून निवडलं. आमच्यात वडील म्हणजे पाळकाच्या जोडीनं मंडळीचा कारभार बघणारा माणूस. तो वयानं मोठा असायलाच हवा असं नाही, मी होतो. तोंडावर मला सगळे 'वडील' म्हणतात, पाठ फिरली की 'तराजू'. ऑपरेटरबाई तेवढ्या तोंडावरच तराजू म्हणायच्या.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात एकट्याचं प्रभुभोजन नसतं. पाळकानं एकट्यानं घ्यायचं नाही आणि एकट्या आजाऱ्याला गुपचूप नेऊन द्यायचं नाही. कारण ते औषध नव्हे, पंगत आहे. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाळक प्रभुभोजनाची पेटी घेऊन गेला, तर सोबत निदान एक वडील हवा. तो वडील तिथे मंडळीच्या वतीनं बसतो. म्हणजे असं की बायको गेल्यापासून मी घरात एकटा असतो, पण वर्षातल्या त्या चार रविवारी, दुपारच्याला, मी अख्खी मंडळी असायचो.

आमच्या यादीत आजारी फार नव्हते. दोघं जण देवाघरी गेले, एकाला मुलानं आपल्या गावी नेलं. शेवटी एकच घर उरलं. ऑपरेटरबाईंचं.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. फोन हातानं जोडून द्यायचे त्या काळापासून. अख्ख्या शहराचं बोलणं त्यांच्या कानांवरून गेलेलं. कोणाचं लग्न कशामुळे मोडलं, कोणाचा जावई रात्री कुठे फोन करायचा, सगळं. त्यांनी त्यातलं एक अक्षर कधी कोणाला सांगितलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. सांगितलं असतं तर लोकांना कळलं असतं की यांना किती माहीत आहे. सांगत नाहीत म्हटल्यावर प्रत्येकानं धरून चाललं की आपलंच माहीत असणार. मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्या खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या आणि त्या बाकावर दुसरं कोणी बसायचं नाही. गर्दीच्या दिवशीसुद्धा लोक मागे उभे राहतील, पण तिथे नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी हे फार डोळ्यांवर यायचं. आमच्याकडे ताटली हातोहात जाते. वडील ती बाकाच्या टोकाला देतो, तिथून शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यायची. नवरा बायकोला देतो, सून सासूला देते, कधीकधी भाडेकरू घरमालकाला देतो आणि दोघंही त्या वेळी ताटलीकडेच बघतात. तुकडा तळहातावर ठेवून थांबायचं आणि सगळ्यांना मिळाला की एकदम खायचा. बाईंना द्यायला शेजारीच नव्हता. मग आमच्यापैकी कोणीतरी वाटेवरून वाकून, हात लांब करून, पिंजऱ्यात दाणे टाकावेत तसं त्यांना द्यायचं.

पुढे बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांच्याकडे माणसं यायला लागली.

पहिल्यांदा मी आणि जुने पाळकसाहेब गेलो तेव्हा त्या पलंगावर होत्या. पाळकसाहेबांनी पेटी उघडली. आत मखमल, इवलीशी बाटली, झाकणाची डबी, चार पेले. वचन वाचलं, प्रार्थना झाली, पाव मोडला. पाळकसाहेबांनी तुकडा मला दिला, मी बाईंना दिला. हातात हात जाईल इतक्या जवळून. बाईंनी तो लगेच खाल्ला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तराजू, तुमचा हात थंड आहे हो. घरात स्वयंपाक करत नाही वाटतं?"

त्यानंतर चहा झाला. जुन्या पाळकसाहेबांना कुठे जायची घाई नसायची. बाई आवाजांच्या नकला करायच्या, नाव न घेता. "एक गृहस्थ होते, फोनवर बायकोशी बोलताना आवाज असा, आणि साहेबाशी बोलताना असा." आम्ही पोट धरून हसायचो. दिवेलागणीला उठायचो. खाली उतरल्यावर पाळकसाहेब म्हणायचे, "आजाऱ्याला धीर द्यायला गेलो होतो, का घ्यायला?"

हाड जुळलं. डॉक्टरांनी काठी दिली. आणि एका खेपेला मी काठी बघितली.

ती दाराशी उभी होती. खालचं रबर नवंकोरं, त्याच्या खाचांत जळमट. भिंतीवर किल्लीचं घड्याळ, माझ्याही हाताला स्टुलाशिवाय येणार नाही इतकं उंच, आणि ते बिनचूक चालत होतं. माळ्यावरच्या बरण्यांची जागा बदललेली. दाराआडच्या चपलेच्या टाचा झिजलेल्या, तळाला ताजी माती. बाई मात्र पलंगावर, पायांवर शाल, चेहऱ्यावर आजारपण असं नीट चापूनचोपून बसवलेलं.

दुकानदारानं काट्याखाली खडा चिकटवला की मला दुकानात पाय टाकतानाच कळायचं. इथेही कळलं. बाई ठणठणीत होत्या. पण ठणठणीत आहेत असं मंडळीला कळलं असतं, तर पेटी आली नसती. पेटी नाही तर पाळक नाही, पाळक नाही तर मी नाही, आणि उरला असता तो खिडकीजवळचा बाक.

पाळकसाहेब पेटी आवरत होते. मी घड्याळाकडे बघून नुसतं म्हणालो, "छान चालतंय."

बाईंनी मान वर केली नाही. "चालतंय खरं. तुमचं कसं चालतंय?"

"चाललंय."

"आवाजावरून वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात चहा ओतला. मला दिसलं होतं हे त्यांनी ऐकलं. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. बाहेर पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई सुधारताहेत नाही का?" मी म्हणालो, "हळूहळू."

जुने पाळकसाहेब निवृत्त होऊन लेकीकडे गेले. नवे आले ते तरुण, उत्साही, सकाळी धावायला जाणारे. आल्या आल्या त्यांनी वडीलमंडळाच्या बैठकीत विचारलं, "आजाऱ्यांना आपण घरी का गाठायचं? त्यांना मंदिरातच आणलं तर? विधी मंडळीत व्हावा हेच बरोबर ना?"

बरोबरच होतं. तेच तर वाईट होतं. केमिस्टसाहेब ताबडतोब उठले. ते औषधांच्या दुकानाचे मालक, आमच्यातले सगळ्यांत तडफदार वडील. त्यांच्या दुकानात चाकांची एक खुर्ची बरेच दिवस पडून होती. "खुर्ची माझ्याकडून," ते म्हणाले. "गाडीही माझीच. बाईंना फुलासारखं आणू."

"त्यांना विचारायला नको?" मी म्हणालो.

"अहो वडील, मंदिरात यायला कोण नाही म्हणेल?"

विचारायला मला पाठवलं. पेटीशिवाय त्या घरी जायची ती माझी पहिलीच वेळ. मी जिना चढत होतो तेव्हा वरून पावलं ऐकू आली, भराभर, पलंगाकडे जाणारी. मी मुद्दाम पायरीवर रेंगाळलो, खोकलो. पावलं थांबल्यावर दार लोटलं. बाई शाल ओढून बसल्या होत्या, जरा धापा टाकत.

मी सगळं सांगितलं. खुर्ची, गाडी, फुलासारखं.

"म्हणजे आता घरी यायचं बंद," बाई म्हणाल्या.

"गाडी आहे म्हटल्यावर..."

"माझ्या बाकावर कोण बसतं हल्ली?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. त्यांनी आयुष्यभर खोटंच ऐकलं होतं, तारेतून. "कोणी नाही. जास्तीची गीतपुस्तकं ठेवतात."

त्या हसल्या. "बढती आहे ती. पूर्वी नुसतीच धूळ होती." मग म्हणाल्या, "येत नाही म्हटलं तर नवे साहेब डॉक्टरांना विचारतील. होय ना?"

"विचारतील. तसे आहेत."

"आणि येते म्हटलं तर खुर्चीतून जायचं. धडधाकट बाईनं." हे त्या पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाल्या, माझ्यासमोर, आणि मी खिडकीबाहेर बघितलं. "सांगा त्यांना, येते."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी केमिस्टसाहेबांनी खरोखरच बाईंना मिरवत आणलं. खुर्ची मुख्य वाटेनं ढकलत पार पुढे नेली आणि पहिल्या बाकाच्याही पुढे, मेजासमोर, मधोमध लावली. खुर्ची सगळ्यांना दिसावी असा त्यात हेतू नसेल असं मी म्हणत नाही. लोकांनी माना डोलावल्या. "कशा आहात?" असं लांबूनच विचारलं. शिवणवर्गाच्या मावशींनी रुमालानं डोळे टिपले. आणि मग सगळे आपापल्या बाकावर, आपापल्या माणसांत जाऊन बसले. बाईंच्या डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही, पाठीमागे सगळे. घरातल्या पलंगावर त्या इतक्या एकट्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

पाळकसाहेबांनी पाव मोडला. ताटल्या आम्हा दोघांच्या हातात दिल्या, उजवी बाजू मला, डावी केमिस्टसाहेबांना. मी बाकामागून बाक घेत मागे गेलो. ताटली जात होती, येत होती. चुकायला नको म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. कोणाच्या हातात आहे, कोणाच्या नाही. परत येऊन ताटली मेजावर ठेवली, केमिस्टसाहेबांनीही ठेवली, आम्ही आपल्या खुर्च्यांवर लोकांकडे तोंड करून बसलो. तेव्हा मला बाईंचे हात दिसले.

मांडीवर होते. रिकामे.

खुर्ची उजवीकडे नव्हती, डावीकडे नव्हती. मी त्यांना केमिस्टसाहेबांच्या बाजूला धरलं होतं आणि केमिस्टसाहेबांनी माझ्या. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले आणि माझ्याच तागडीतून एक माणूस सांडलं.

आमच्याकडे पाळक अशा वेळी एक प्रश्न विचारतो. प्रथाच आहे. उत्तर कधी येत नाही, त्यामुळे तो प्रार्थनेसारखाच म्हटला जातो. नव्या पाळकसाहेबांनीही पुस्तकातून डोळे न काढता म्हटला, "कोणी राहिलंय का? ज्यांना मिळालं नसेल त्यांनी कृपया जागेवर उभं राहावं."

जागेवर उभं राहावं.

सगळ्यांच्या तळहातांवर तुकडे. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. उभं राहिलं तर सगळं उघडं पडणार. बसून राहिलं तर या एवढ्या माणसांत, सगळे खात असताना, त्या एकट्या उपाशी. मी उठायला हवं होतं. मी उठतही होतो, गुडघे त्यांचा वेळ घेत होते. पाळकसाहेब पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडत होते.

बाई उभ्या राहिल्या.

शाल बाजूला केली, खुर्चीच्या हातावर भारही दिला नाही, सरळ उभ्या राहिल्या. ताठ.

मंदिरातून जो हुंकार उठला तो मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. शिवणवर्गाच्या मावशी ओरडल्या, "अगं बाई! चमत्कार!" मागे कोणीतरी गुडघ्यांवर आलं. आमच्या मंडळीत चमत्कार होत नाहीत हो. झालाच तर आधी वडीलमंडळाच्या बैठकीत ठरावा लागेल. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. केमिस्टसाहेब खुर्चीकडे असे बघत होते की जणू सगळं तिनंच केलं.

"चमत्कार बिमत्कार काही नाही," बाई म्हणाल्या. एक्स्चेंजचा आवाज तो, मोठा न करता शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "मला चालता येतं. केव्हापासूनच येतं. तुम्ही विचारलंत कोणी राहिलंय का. मी राहिलेय."

बाई वळल्या आणि चालत खिडकीजवळच्या बाकाशी गेल्या. गीतपुस्तकांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि आपल्या जागी बसल्या.

मी ताटली घेतली. तिथवर गेलो. नेहमीसारखं वाटेवरून वाकायचं होतं, हात लांब करायचा होता. वाटणी चालू असताना वडिलानं बसायचं नसतं, हा नियम. मी बाकात शिरलो, त्यांच्या शेजारी बसलो आणि ताटली दिली, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला देतात तशी.

"सरका जरा," बाई पुटपुटल्या. "गीतपुस्तकं पायात येताहेत."

मग सगळ्यांनी मिळून खाल्लं.

बैठक दुसऱ्याच दिवशी झाली. केमिस्टसाहेब लालबुंद. "मंडळीची फसवणूक! प्रभुभोजन काय घरपोच सेवा आहे? मी खुर्ची दिली, गाडी दिली..."

पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "वडील, आजवर दर खेपेला तुम्हीच जात होता. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

खूप उत्तरं होती. जुने पाळकसाहेब थकलेत, बाईंचा बाक रिकामा असतो, नियमात असं कुठे लिहिलंय. पण विचारलं सरळ होतं. म्हणालो, "मलाही दुसरीकडे कुठे जायचं नसतं, साहेब."

पाळकसाहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत राहिले. मग ठरलं ते ठरलं. बाईंना समज द्यायची, तीही तोंडी आणि सौम्य. घरोघरच्या विधीला यापुढे केमिस्टसाहेबांनी जायचं. पेटी त्यांच्याकडे. मी बैठकीतच ती त्यांच्या हाती दिली. हलकीच असते ती.

पुढच्या खेपेला बाई पायी आल्या. लोकांनी आता त्यांना चमत्कार मानायचं सोडून लबाड मानायला घेतलं होतं, त्यामुळे बाक पूर्वीसारखाच मोकळा. उजवीकडची वाटणी संपवून मी त्या बाकाशी गेलो आणि आत शिरलो. त्याबद्दल मला अजून कोणी टोकलेलं नाही. केमिस्टसाहेब माझ्या गुडघ्यांना दोष देतात, मी देऊ देतो.

उपासना संपल्यावर बाई त्यांच्या रस्त्यानं गेल्या, मी माझ्या. घरी आलो. ताटात वाढून घेतलं. भिंतीपलीकडे कोणाकडे तरी पाहुणे होते, भांडी वाजत होती, मुलं पळत होती. प्रभुभोजनाच्या रविवारची दुपार इतकी लांब असते हे मला माहीतच नव्हतं. वर्तमानपत्र वाचलं, मग जाहिरातीही वाचल्या. शेवटी सकाळी मंदिरात उरलेला अर्धा पाव कागदात गुंडाळला आणि निघालो. आमच्यात उरलेला पाव हा नुसता पाव असतो. तो कोणीही घरी न्यावा, दुधात बुडवून खावा.

जिन्याखाली मात्र पाय अडले. पेटी असताना वर जाणं सोपं होतं. तेव्हा मी मंडळी होतो. आता एक म्हातारा, काखेत शिळा पाव, कोणी विचारलं कशाला आलात तर सांगण्यासारखं काही नाही. परत फिरावं म्हणून वळलोही.

"तराजू," वरून आवाज आला. "पायरीवर उभं राहून खोकायची गरज नाही आता. मी उभीच आहे."

दार उघडं होतं. आत मेजावर कापड पसरलेलं, नेहमीचं. त्यावर तीन कप. बाईंनी माझी नजर बघितली आणि तिसरा कप उचलला. थोडा वेळ तो हातातच धरून उभ्या राहिल्या, मग होता तिथे परत ठेवला.

"सवय," त्या म्हणाल्या. "असू दे. बसा. आज कोण आजारी आहे?"

"कोणीच नाही."

"मग कशाला आलात?"

मी कागद सोडला आणि पाव त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी सुरी आणली नाही. हातानंच मोडला, अर्धा माझ्याकडे सरकवला, आणि चहा ओतायला लागल्या.